येशू कोणाचा? महाराष्ट्राने घेतलेला शोध



विषयाला हात घालण्याआधी एक कबुली देतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. ख्रिस्ती विचार शिकवायची वेळ आली, की ऑगस्टिनपासून सुरुवात करायची आणि युरोपातच थांबायचे. आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावात, एका बाईने मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणले, हे आम्ही मुलांना कधी सांगितलेच नाही. आज ती चूक थोडी दुरुस्त करू.

मुळात येशू कोण? नाझरेथचा सुतार. कोळी, जकातदार, रोगी, समाजाने ओवाळून टाकलेल्या बाया यांच्या पंगतीला बसणारा. रोमन सत्तेने त्याला क्रुसावर मारले. पुढे काय झाले बघा. इ. स. 325 मध्ये निकिया येथे धर्मगुरूंची परिषद भरली आणि श्रद्धेचे सूत्र ठरले. त्यात येशूचा अवतार आहे, दुःखभोग आहे, पुनरुत्थान आहे; पण तो काय शिकवत होता आणि कोणाबरोबर जेवत होता, याबद्दल एक शब्द नाही. तुकोबांचे अभंग बाजूला ठेवून नुसता जन्म आणि वैकुंठगमन सांगावे, तसेच हे झाले. मग 380 साली ज्या साम्राज्याने त्याला मारले, त्याच साम्राज्याचा ख्रिस्ती धर्म हा राजधर्म ठरला. आपल्याकडे इंग्रजी अमलात येशू दिसला तो साहेबाच्या शेजारी उभा असलेला. त्याचा साहेबी पोशाख उतरवून मूळ माणूस शोधण्याचे काम महाराष्ट्रात तिघांनी केले.

पहिले महात्मा फुले. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. 1873 च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळी म्हटले. आता बळीराजा म्हणजे कोण, हे सांगवीच्या शेतकऱ्याला आम्ही काय सांगणार? ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ असे ओवाळताना आपल्या घरोघरी म्हणतातच. जोतीरावांना येशूत दिसला तो दीनदुबळ्यांना जवळ करणारा न्यायी राजा. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धी गहाण टाकली नाही. चर्चने सांगितले म्हणून एखादा सिद्धान्त मानायला त्या तयार नव्हत्या. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, संस्कृतात का नकोत, असे त्यांनी स्पष्ट विचारले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळात सापडलेल्या मुलींना, विधवांना, अंध स्त्रियांना आसरा दिला. साध्या मराठीतल्या त्या बायबलचे खिळे जुळवण्याचे, छापण्याचे काम तिथल्या बायकांनीच केले. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, तोवर भाषांतराचे काम पुरे होत आले होते.

तिसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. पर्वतावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले. घर दुभंगले, लक्ष्मीबाईंनी काय सोसले ते ‘स्मृतिचित्रे’त वाचा. पण टिळकांनी तुकोबांना सोडले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानत, आणि ख्रिस्तावर त्यांनी अभंग लिहिले. 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून ते संन्यासी वृत्तीने राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला लागले. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. 1919 मध्ये ते वारले. दरबार पुढे वाढला नाही. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ मात्र लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

आता कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की प्रत्येकाने आपल्याला हवा तसाच येशू रंगवला, त्यात खरा कुठला? अल्बर्ट श्वाइत्झर यांनी 1906 मध्ये युरोपातल्या विद्वानांवर हाच आक्षेप घेतला होता. फुल्यांना बळी दिसला, टिळकांना संत दिसला, हाही त्यातलाच प्रकार नाही का?

आम्हांला फरक वाटतो तो असा. आपण रंगवलेले चित्र आपलीच पाठ थोपटत असेल, तर तो आरसा समजावा. ते आपल्याकडे काही मागत असेल, तर त्यात आपल्याखेरीज दुसरे कोणीतरी आहे. साम्राज्याच्या येशूने सम्राटाकडे सिंहासन मागितले नाही. या तिघांच्या येशूने मात्र एकाकडे हौद मागितला, दुसरीकडे आयुष्य मागितले, तिसऱ्याकडे पगार मागितला. आणि त्यांनी दिले.

ही कसोटी फक्त ख्रिस्ती बांधवांसाठी नाही. त्यांच्या प्रार्थनामंदिरांत जात शिरली, तशी आपल्या देवळांत ती आधीपासून आहेच. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरकडे जाते, तेव्हा आपण सगळे पाया पडतो. पालखी पुढे गेल्यावर तुकोबा आपल्याकडे काय मागतात, आणि त्यातले आपण काय देतो, एवढे घरी जाताना प्रत्येकाने स्वतःला विचारावे.