डेसिबल

‘डेसि’ लॅटिनमधून आला. अर्थ दशांश, आपल्या ‘दश’चा सख्खा नातलग. ‘बेल’ हे मात्र माणसाचं नाव: टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल. तारेतून जाताना टेलिफोनचा सिग्नल किती क्षीण होतो, हे मोजायला 1920च्या दशकात अभियंत्यांनी हे एकक घडवलं. अख्खा बेल मोठा पडायचा, म्हणून त्याचा दहावा हिस्सा रूढ झाला.

तारेचं हे माप पुढे कानालाही लागलं, आणि बेल यांचंच नाव तिथे यावं हे मला फार उचित वाटतं. त्यांच्या आईला कमी ऐकू येई. पत्नी मेबल यांचं ऐकणं लहानपणीच तापाने गेलं. ते स्वतः कर्णबधिरांचे शिक्षक होते.

श्रवणतपासणीच्या आलेखावर शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. त्यापुढे आकडा दहाने वाढला की तीव्रता दहापट, वीसने वाढला की शंभरपट! त्यामुळे मिरवणुकीतला डीजे ‘मर्यादेपेक्षा दहाच डेसिबल जास्त’ होता, हे ऐकून माझा जीव कळवळतो. अशा गोंगाटाने आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.