तहलील, विश्लेषण, अ‍ॅनालिसिस : वर्धा नदीच्या दोन काठांवरची परिभाषा

अरबी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील विद्यापीठीय शब्दसंपदा कशी द्यावी, हा इंग्रजीच्या अध्यापनशास्त्रातला गेल्या काही दशकांचा एक मोठा विषय आहे. तो वरकरणी आपल्यापासून फार दूरचा. परंतु त्यावरचे लेखन वाचताना वडसा-देसाईगंजसारख्या गावी पदवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या कोणालाही पदोपदी ओळखीच्या खुणा भेटाव्यात. २००० साली न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी ५७० शब्दकुलांची एक यादी प्रसिद्ध केली. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये दिलेले सुमारे दोन हजार सामान्य शब्द वगळून, सर्व विद्याशाखांच्या ग्रंथांत वारंवार येणारे शब्द त्यांनी वेचले होते. (हे वेस्टसाहेब वंगभूमीत, ढाक्याला, शिक्षणखात्यात होते आणि तेथील मुलांना इंग्रजी वाचता का येत नाही याच विवंचनेतून त्यांचे काम सुरू झाले, हे जाता जाता नोंदवण्याजोगे.) कॉक्सहेड यांच्या यादीतले बहुसंख्य शब्द लॅटिन-ग्रीक वंशाचे आहेत. फ्रेंच वा स्पॅनिश मुलाला ते नात्यागोत्यातले वाटतात. अरब मुलाला त्यांत एकही सोयरा सापडत नाही. त्यात पुन्हा अरबी लिपी व्यंजने लिहिते आणि ऱ्हस्व स्वर बहुधा वाचकावर सोडते. त्यामुळे इंग्रजी शब्द वाचतानाही अरबी वाचक व्यंजनांचा सांगाडा धरून ठेवतो व स्वरांत फसतो, असे रायन आणि मीअरा यांनी १९९१ मध्ये दाखवले.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचीही अवस्था अशीच, असे म्हणून आपण थांबतो. पण आमच्या मते याच प्रश्नाची एक उलटी बाजू चांदा मुलखाच्या इतिहासात दडलेली आहे. मराठी बोलणाऱ्या मुलांना अरबी धातूंपासून घडवलेली विद्यापीठीय परिभाषा शिकावी लागत होती, असा एक काळ येथून काही तासांच्या अंतरावर होऊन गेला.

वडशाहून दक्षिणेकडे निघालेली गाडी नागभीड, चांदा फोर्ट करीत बल्लारशाला पोहोचते. तेथे वर्धा नदी ओलांडली की राजुरा. आज राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात आहे, पण १९४८ पर्यंत तो निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. १९५६ मध्ये तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्यात आला. म्हणजे नदीच्या या काठावरचा मुलगा शिकत शिकत पुढे गेला तर नागपूरला जाई, आणि त्या काठावरचा मुलगा हैदराबादला. हैदराबादेत १९१७ साली मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली भाषांतर विभाग, ‘दार-उल-तर्जुमा’, सुरू झाला आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. इंग्रजी अनिवार्य विषय म्हणून होतीच. पण गणित, पदार्थविज्ञान, इतिहास, अर्थशास्त्र, एवढेच काय वैद्यकसुद्धा, उर्दूतून शिकवले जाई. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक धाडसी प्रयोग होता, आणि मराठी, तेलुगू व कन्नड प्रजेच्या दृष्टीने तो परक्या भाषेतला प्रयोग होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मराठवाड्याच्या लढ्याची आठवण बाळगणारे आपले लेखन पहिली गोष्ट सहसा सांगत नाही.

शब्द घडवायचे कसे, यावर तेथे मोठा वाद झाला. अरबीत शब्दाचा कणा तीन व्यंजनांचा असतो आणि ठरावीक साच्यात तो घातला की नवा शब्द निघतो. याचे उदाहरण शोधायला हैदराबादला जाण्याचे कारण नाही. देसाईगंजच्या कचेरीत ते रोज ऐकू येते. ‘तहसील’ म्हणजे मिळवण्याची, वसूल करण्याची क्रिया. ‘महसूल’ म्हणजे जे वसूल झाले ते. आणि ‘त्यात काय हशील?’ असे आपण विचारतो तेव्हाचा हशीलही त्याच कुळातला. उर्दूत ‘तहसील-ए-इल्म’ म्हणजे विद्यासंपादन. उस्मानियाचे परिभाषाकार या साच्यांतून अर्थशास्त्रासाठी ‘मआशियात’, मानसशास्त्रासाठी ‘नफ्सियात’ असे शब्द चालवीत होते. (मआशियातचे मूळ उपजीविकेत आहे आणि आपली ‘ऐश’ त्याच मुळाची. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी राग मानू नये.) या एकतर्फी अरबी ओढीला तेथल्याच वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ च्या आपल्या ‘वज़ा-ए-इस्तलाहात’ या ग्रंथात मुरड घातली. उर्दू ही आर्यकुलातली भाषा आहे, तिला उपसर्ग, प्रत्यय आणि समास ठाऊक आहेत, तेव्हा तिच्या स्वभावाप्रमाणे शब्द घडवा, असे त्यांचे म्हणणे. ते पुरते मानले गेले नाही.

१९३८ च्या अखेरीस वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल निजामाच्या राज्यातील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांना नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या पुढाकाराने, आपल्याकडे सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. या घटनेची राजकीय बाजू वाचकांस ठाऊक आहे. भाषेची बाजू मात्र आम्हांला अधिक अस्वस्थ करते. उर्दूतून शास्त्रे शिकत आलेल्या मुलाला नागपुरात उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची होती. विषय तोच, समज तीच, आणि शब्द मात्र सगळे नदीच्या पलीकडे राहिलेले. दहा वर्षांनी, १९४८ नंतर, खुद्द उस्मानियाचेच माध्यम इंग्रजी झाले आणि तीस वर्षांत घडवलेली ती परिभाषा तेथील वर्गांतूनही उठली.

गंमत अशी की तिकडे अरबी साच्यांचा कारखाना बंद पडत होता तेव्हा इकडे संस्कृत धातूंचा जोरात सुरू झाला होता. डॉ. रघुवीर १९४६ च्या सुमारास लाहोरहून नागपुरात आले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शुक्ल मंत्रिमंडळाने त्यांच्याकडे शासकीय व शैक्षणिक परिभाषेचे काम सोपवले. २० उपसर्ग, ५२० धातू आणि ८० प्रत्यय हाती असले की जगातील कोणत्याही संकल्पनेला शब्द देता येतो, हा त्यांचा विश्वास. त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली निघाला. त्यांच्या शब्दांची टवाळी पुष्कळ झाली व तीतले बरेच शब्द त्यांच्या नावावर इतरांनी रचलेले होते. पण पद्धत म्हणून पाहिले तर अब्दुल हक यांचा विभाग आणि रघुवीरांची संस्था ही एकमेकांची प्रतिबिंबे आहेत. दोघांनाही अभिजात भाषेच्या धातूंत भविष्य दिसले. दोघांनीही ते शब्द ज्याच्या तोंडी बसायचे त्या मुलाचे तोंड फारसे न्याहाळले नाही. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले. त्याचे परिभाषाकोश पुष्कळ अधिक संयमी आहेत, पण वाट तीच.

ते तोंड कसे आहे? वडशाभोवतीची बोली झाडीबोली. ण, ळ, श, ष हे वर्ण तीत नाहीत, असे तिचे अभ्यासक सांगतात. पाणी तेथे ‘पानी’ असते आणि डोळा ‘डोरा’. आता ‘विश्लेषण’ हा शब्द पाहा. श, ष आणि ण, तिन्ही त्यात हजर. (‘हजर’ मात्र अरबीतून येऊनही कोणालाच अडत नाही.) माडिया वा गोंडी बोलत घरून आलेल्या मुलाचे अंतर तर त्याहून जास्त, कारण त्याची भाषा द्राविड कुळातली. अशा मुलाला आपण ‘अ‍ॅनालिसिस’ समजावताना “म्हणजे विश्लेषण” असे सांगतो आणि मातृभाषेतून समजावल्याचे समाधान मानतो. प्रत्यक्षात एका परक्या शब्दाला दुसऱ्या परक्या शब्दाने उत्तर दिलेले असते. ‘हायपोथेसिस’साठी तर पुस्तक बदलले की गृहीतक, गृहीतकृत्य, अभ्युपगम, परिकल्पना असे शब्द बदलत जातात. विद्यार्थी शेवटी ‘हायपोथेसिस’कडेच पळतो, कारण तो निदान एकच आहे. नेट परीक्षेचा पहिला पेपर इंग्रजी किंवा हिंदीत असतो, तेव्हा मराठीतून एम. ए. झालेल्या मुलाला या निवडीची किंमत मोजावी लागते.

तत्सम शब्द म्हणजे अवघडच, असा याचा अर्थ नाही. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत याच भागातला प्रेक्षक झाडीपट्टीची नाटके रात्रभर बसून पाहतो, आणि त्यांतले जडजंबाल संवाद त्याला बरोबर कळतात. तेथे शब्दाभोवती प्रसंग असतो. यादीत आणि कोशात शब्दाभोवती काहीच नसते. कॉक्सहेड यांची यादी उपयुक्त आहे हे आम्ही मानतो. पण यादी पाठ करून घेणे म्हणजे अध्यापन, हे मानायला आम्ही तयार नाही. मोल्सवर्थने १८५७ च्या आवृत्तीतही शब्दापुढे तो अरबी, फारसी की संस्कृत याची खूण ठेवली होती. ती सवय नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी सोडली, याचे नुकसान आम्हांला मोठे वाटते. ग्रीकांचा ‘अ‍ॅनालिसिस’ म्हणजे सोडवून मोकळे करणे. संस्कृत ‘विश्लेषण’ म्हणजे चिकटलेले विलग करणे. अरबीत त्यासाठी ‘तहलील’ आहे, आणि तिच्या मुळाशी गाठ सोडणे आहे. हिंदीतला ‘हल करना’ त्याच धातूचा. तीन अभिजात भाषांनी तीनदा एकच कृती पाहिली, आणि गाठ सोडणे तर कोणत्याही बोलीत आहे. तेथून सुरुवात केली की ‘अ‍ॅनालिसिस’ हा शब्द मुलाच्या हातात येतो. श आणि ष यांची काळजी नंतर करता येते.

शब्दांच्या अशा प्रवासाचे सर्वांत ठळक उदाहरण नववीच्या गणितात आहे. वर्तुळाच्या प्रकरणात ‘जीवा’ येते, त्रिकोणमितीच्या प्रकरणात ‘साइन’. आर्यभटाच्या परंपरेतली ज्या किंवा जीवा अरबांनी ध्वनी तसाच ठेवून उचलली. लिहिताना स्वर गेले, ज आणि ब ही व्यंजने राहिली, आणि पुढच्या वाचकांनी तो शब्द ‘जैब’ असा, म्हणजे वस्त्राचा खोळ किंवा खिसा म्हणून, वाचला. हिंदीतली ‘जेब’ तीच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्या खोळीचे ‘सायनस’ केले, त्याचे इंग्रजीत ‘साइन’ झाले आणि ते शाळेच्या पुस्तकातून परत आले. अरब मुलाला जो सांगाडा इंग्रजी वाचताना फसवतो, त्याच सांगाड्याने हा शब्द घडवला. पुस्तकातली ती दोन प्रकरणे एकमेकांपासून फार दूर नाहीत, आणि हे सगळे सांगायला तासातली पाच मिनिटे लागतात.