आजोबांची फियाट आणि एकच नळी

तर झालं असं, की दिवाळीला नांदेडला घरी गेलो आणि बाबांनी जाहीर केलं, "आजीला भेटायला लातूरला जायचं ते फियाटनंच!" फियाट म्हणजे आजोबांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट. लातूरला त्यांचं आडत दुकान होतं, तेव्हाची. आजोबा गेल्यावर गाडी नांदेडला आमच्या अंगणात आली. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता आणि मधे बालाघाटचे चढउतार. म्हटलं, आधी कॉलनीत एक चक्कर मारून बघू. कोपऱ्यावर ब्रेक दाबला, तर पेडल सरळ खाली गेलं. हँडब्रेक ओढला म्हणून समोरच्यांचं कंपाउंड वाचलं. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला ब्रेक ऑइल लागत नाही, हे ज्ञान तेव्हाच झालं :)

दोष सापडला तो मागच्या डाव्या चाकात. व्हील सिलिंडरमधली रुपयाएवढी रबरी वाटी फाटली होती आणि सगळं ऑइल गळून गेलं होतं. पण मला प्रश्न पडला, एका चाकातलं रबर फाटलं तर चारही चाकांचे ब्रेक कसे काय जातात?

उत्तर इतिहासात आहे. सुरुवातीच्या गाड्यांचे ब्रेक दांड्या आणि तारांनी ओढले जायचे. चारही चाकांना सारखी ओढ मिळणं अवघड, मग गाडी एका बाजूला खेचायची. यावर तोडगा सतराव्या शतकातल्या पास्कलच्या नियमात होता. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग कंपनीनं चारही चाकांना असे हायड्रॉलिक ब्रेक दिले. पण मास्टर सिलिंडर एक आणि त्यातून निघणारी वाटही एकच. कुठंही गळती झाली की सगळीकडचा दाब शून्य! आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर.

यावर उपाय म्हणजे दोन स्वतंत्र सर्किट. एक गेलं तरी दुसरं निम्मे ब्रेक लावतंच. अमेरिकेनं नव्या मोटारींना हे सक्तीचं केलं १९६८ मध्ये, म्हणजे आजोबांनी एका सर्किटची नवी कोरी गाडी घेतली त्याच वर्षी.

मग आपल्याकडे का नाही? ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली कंपनी, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. पण १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर काय बनवायचं, किती बनवायचं, सगळ्याला परवाना. आयातीवर बंधनं, गिऱ्हाईक वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर. गाडी न बदलताही विकली जात असेल तर बदलणार कोण? डिलाइटची पुढं प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी झाली. नाव बदललं, मूळ गाडी तीच राहिली.

याची दुसरी बाजूही आहे बरं का. गाडी बदलली नाही म्हणून तिचे पार्ट गावोगाव मिळायचे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तरी मला रबराचं किट मिळालंच. आणि रचना इतकी साधी, की माझ्यासारखा कीबोर्ड बडवणाराही अंगणात काम करू शकला.

चाकांना दगड लावले, ड्रम काढला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून धूळ फुंकली नाही, मास्क लावून ओल्या फडक्यानं टिपली. सिलिंडरला आतून गंज चढला होता. ब्रेक ऑइल म्हणतात खरं, पण ते तेल नसतंच. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. पाण्यानं गंज चढतो आणि गंजानं रबर फाटतं. आणि तेलच आहे म्हणून कुणी इंजिन ऑइल ओतलं, तर सगळी रबरं फुगून बाद! दुकानातल्या चाचांनी हे तीनदा बजावलं. शेवटी सिलिंडर नवीन टाकला आणि बाकी तिन्ही चाकांची आणि मास्टर सिलिंडरची रबरंही बदलली.

मग नळ्यांतली हवा काढायची. हे काम दोघांचं. बाबा पेडलवर, मी चाकाशी पान्हा घेऊन. "दाबा बाबा... धरून ठेवा... आता सोडा." प्रत्येक वेळी पेडल सोडायच्या आधी निपल बंद करायचं, नाहीतर हवा परत आत. आधी चहाच्या रंगाचं ऑइल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ. तासाभरानं पेडल दगडासारखं घट्ट झालं. दोन दिवस कॉलनीतच चालवून, गळती नाही याची खात्री करून मग निघालो.

लातूरला पोचल्यावर आजीचा पहिला प्रश्न, "ब्रेकवर उतरवली का गिअरवर? तुझे आजोबा उतारावर गिअरवरच उतरवायचे. ब्रेक राखून ठेवावा म्हणायचे."

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. दुसरं सर्किट कंपनीनं दिलं नव्हतं, ते आजोबांनी सवयीनं तयार केलं होतं. त्या पिढीतल्या कित्येकांनी केलं असेल. पण ज्याला ती सवय नव्हती त्याचं काय, हाही प्रश्न आहेच.

असो. येताना उतारावर मीही गाडी गिअरवरच उतरवली.