दुसरा मॉनिटर चालत नाही? नवीन घेण्याआधी हे तपासा

लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडला आणि स्क्रीनवर आलं फक्त ‘नो सिग्नल’. किंवा चित्र आलं, पण दर दोन मिनिटांनी स्क्रीन काळी पडतेय. अशा वेळी आपण पटकन ठरवून टाकतो की मॉनिटर गेला.

माझंही तेच झालं होतं. घरून काम करत होतो तेव्हा माझा मॉनिटर अधूनमधून काळा पडायचा. एका दुकानात दाखवला, तर ‘पॅनेल गेलंय, बदलावं लागेल’ असं उत्तर मिळालं. खर्च जवळपास नव्या मॉनिटरच्या निम्मा! पैसे देण्याच्या आदल्या रात्री सहज म्हणून रूममेटची केबल लावून पाहिली आणि मॉनिटर सुरळीत चालू. दोष केबलमध्ये होता. तो मॉनिटर मी आजही वापरतोय.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते बघायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच नियमावर आधारलेल्या आहेत.

चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचतं कसं?

ग्राफिक्स चिप चित्र तयार करते. ते पोर्टमधून बाहेर पडतं, केबलमधून जातं, मध्ये हब किंवा अडॅप्टर असेल तर त्यातून पुढे सरकतं आणि मॉनिटरच्या इनपुटमध्ये शिरतं. मॉनिटर जोडल्याबरोबर तो संगणकाला आपली माहिती पाठवतो: मला कोणतं रिझोल्यूशन आणि किती रिफ्रेश रेट चालतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. तीसुद्धा त्याच केबलमधून येते. त्यामुळे केबल सैल असेल तर संगणक मॉनिटरला ओळखत नाही किंवा भलतंच रिझोल्यूशन निवडतो.

चित्रच येत नसेल तर

१. मॉनिटरच्या बटणाने ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ तपासा. केबल एचडीएमआय २ मध्ये आणि मॉनिटर एचडीएमआय १ वर, हा घोळ फार जणांचा होतो.

२. केबलची दोन्ही टोकं काढून पुन्हा घट्ट बसवा. मॉनिटरचा प्लग काढून अर्धा मिनिट थांबा आणि परत लावा.

३. कीबोर्डवर विंडोज + पी दाबा आणि ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडलेलं असेल तर दुसरा मॉनिटर काळाच राहणार.

४. विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी दाबा. स्क्रीन क्षणभर लुकलुकते, कारण ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघड्या फाइल्स बंद होत नाहीत.

५. सेटिंग्ज > सिस्टम > डिस्प्ले > मल्टिपल डिस्प्लेज इथे जाऊन ‘डिटेक्ट’ दाबा.

६. डेस्कटॉप असेल तर मागे बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असूनही केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये असेल, तर बऱ्याच संगणकांत चित्र येत नाही. केबल कार्डच्या पोर्टमध्येच लावा.

एवढं करूनही काही झालं नाही, तर अदलाबदल सुरू करा. आधी केबल, मग पोर्ट, मग दुसरा लॅपटॉप. केबल बदलल्यावर चित्र आलं तर दोष केबलचा. मॉनिटर मित्राच्या लॅपटॉपवर त्याच केबलने चालला तर मॉनिटर आणि केबल दोन्ही ठीक आहेत, दोष तुमच्या संगणकाकडे आहे.

टाइप-सी पोर्ट आहे, तरी चित्र नाही?

टाइप-सी हा फक्त पोर्टचा आकार आहे. त्यातून व्हिडिओ जाण्यासाठी डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड किंवा थंडरबोल्ट लागतं. स्वस्त लॅपटॉपमधला टाइप-सी कधीकधी फक्त डेटासाठी असतो. केबलचंही तसंच: फोनसोबत आलेली चार्जिंगची केबल सहसा व्हिडिओ नेत नाही. त्यामुळे हब विकत घेण्याआधी लॅपटॉपच्या मॉडेलचे स्पेसिफिकेशन वाचा.

अडॅप्टर घेतानाही दिशा बघा. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल उलट्या बाजूने चालत नाही. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल, तर ॲक्टिव्ह कन्व्हर्टरच लागतो.

स्क्रीन लुकलुकते किंवा मध्येच काळी पडते?

इथे थोडा हिशोब करू. ४के म्हणजे ३८४० × २१६० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर सेकंदाला जवळपास १२ गिगाबिट डेटा होतो. एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमता १०.२ गिगाबिट, म्हणून त्यावर ४के साधारण ३० हर्ट्झवरच चालतं आणि माऊस अडखळल्यासारखा वाटतो. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट आहे, तिथे ६० हर्ट्झ सहज मिळतं.

केबल कमी दर्जाची किंवा फार लांब असेल, तर डेटा वाटेत बिघडतो आणि स्क्रीन काळी पडते. तपासायचं कसं? ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६० वरून ३० करा किंवा रिझोल्यूशन कमी करा. त्रास थांबला तर संशय केबल, हब किंवा अडॅप्टरवर घ्या.

गंमत म्हणजे, खुर्चीवरून उठल्यावर किंवा पंखा चालू-बंद केल्यावरही काही मॉनिटर क्षणभर काळे पडतात. हा स्थिर विजेचा किंवा स्विचच्या ठिणगीचा परिणाम असतो. चांगल्या शील्डिंगची, आखूड केबल लावली की बहुतेकदा हा त्रास जातो.

चित्र आहे, पण काहीतरी गडबड आहे

- माऊस दुसऱ्या स्क्रीनवर जात नाही: डिस्प्ले सेटिंगमधले १ आणि २ लिहिलेले चौकोन टेबलावरच्या मांडणीप्रमाणे सरकवा. कोणता कुठला हे कळत नसेल तर ‘आयडेंटिफाय’ दाबा.
- विंडो हरवली: टास्कबारवरून ती निवडा आणि विंडोज + शिफ्ट + डावा किंवा उजवा बाण दाबा. विंडो दुसऱ्या स्क्रीनवर येते.
- अक्षरं धूसर: प्रत्येक मॉनिटरचं ‘रेकमेंडेड’ रिझोल्यूशन निवडा आणि स्केल वेगळं ठरवा. मग साइन आउट करून परत या.
- टीव्हीवर कडा कापल्या जातात: याला ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा.
- मॅकवर दोन्ही मॉनिटरवर सारखंच चित्र: काही हब एमएसटी पद्धतीने एका पोर्टमधून दोन स्क्रीन चालवतात. विंडोजवर ते जमतं. मॅकओएस मात्र या पद्धतीने दोन वेगळी चित्रं देत नाही. शिवाय एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एअर मुळात एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात. इथे बिघाड काहीच नसतो.

दोष खरंच मॉनिटरचा आहे का? दोन सोप्या चाचण्या

*स्क्रीनशॉट चाचणी:* स्क्रीनवर रेघा किंवा डाग दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि फोनवर पाठवून बघा. फोनवरही रेघा दिसल्या, तर दोष ड्रायव्हर किंवा ग्राफिक्सचा. फोनवर चित्र स्वच्छ असेल, तर बिघाड बहुधा पोर्टच्या पुढे, म्हणजे केबल किंवा मॉनिटरमध्ये.

*मेनू चाचणी:* केबल काढून टाका आणि मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. तो मेनू मॉनिटर स्वतः तयार करतो. त्यावरही रेघा असतील, तर मात्र दोष मॉनिटरचाच आहे. मग वॉरंटीचं बिल शोधा.

मेनू स्वच्छ असेल आणि कुणी ‘पॅनेल बदला’ म्हणालं, तर घाई करू नका. आधी मित्राची केबल एक दिवस मागून आणा.