मळसूत्री सेंद्रिय रेणूंचे अरेषीय प्रकाशीय गुणधर्म

मळसूत्राप्रमाणे वळलेल्या सेंद्रिय रेणूंवर लेसरसारखा तीव्र प्रकाश पडला असता, प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राशी सम प्रमाणात नसलेला जो प्रतिसाद मिळतो, त्यास अरेषीय प्रकाशीय प्रतिसाद म्हणतात. प्रकाशाची कंप्रता दुप्पट होणे हा त्याचा सर्वपरिचित आविष्कार. १९६१ मध्ये पीटर फ्रँकन व सहकाऱ्यांनी माणिक लेसरचा ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश क्वार्ट्‌झमधून पाठवून ३४७.२ नॅनोमीटरचा जंबुपार प्रकाश मिळविला. (छापताना त्याचा पुसट ठिपका डाग समजून काढून टाकला गेला, असे सांगतात.)

सममिती-केंद्र असलेल्या पदार्थात ही क्रिया जवळजवळ घडत नाही. तेथे क्षेत्राची दिशा उलटली की ध्रुवीभवनही उलटलेच पाहिजे. क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असलेले पद मात्र चिन्ह बदलत नाही, म्हणून ते शून्य ठरते. मळसूत्राला सममिती-केंद्र नसते. तथापि तेवढ्याने भागत नाही: द्रावणात रेणू सर्व दिशांना विखुरलेले असल्याने एकाच हाताच्या रेणूंचेही कंप्रता-द्विगुणन एकंदरीत लोप पावते. रेणूंची शिस्तबद्ध मांडणी आवश्यक असते.

हेलिसीन हा अशा रेणूंचा प्रमुख गट होय. हेक्झाहेलिसीनमध्ये सहा बेंझीन वलये कोनात जोडलेली असतात. टोकाच्या वलयांना एका प्रतलात जागा न उरल्याने एक दुसऱ्यावर चढते आणि उजवे व डावे अशी दोन रूपे निर्माण होतात. मेल्विन न्यूमन व डॅनियल लेडनिसर यांनी १९५६ मध्ये त्याचे संश्लेषण प्रसिद्ध करून ही रूपे वेगळी केली.

वेगळे करण्याचा हा खटाटोप किती मोलाचा, हे १९९८ मध्ये दिसले. बेल्जियममधील लूव्हेन येथील थिएरी व्हर्बिएस्ट, आंद्रे पर्सून्स आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील थॉमस कॅट्‌झ आदींनी हेलिसीन-बिस्क्विनोनचे लँगम्यूर-ब्लॉजेट थर तपासले. एकाच हाताच्या रेणूंच्या थराची द्वितीय क्रमाची प्रवणता समसमान मिश्रणाच्या थरापेक्षा सुमारे ३० पट, म्हणजे सुमारे ५० पिकोमीटर प्रतिव्होल्ट भरली. रासायनिक रचना तीच. परंतु एकाच हाताचे रेणू एकमेकांवर रचले जाऊन स्तंभ बनतात, मिश्रणात तशी रचना होत नाही. इलेक्ट्रॉन देणारा व घेणारा असे गट जोडून रेणू तीव्र ध्रुवीय करणे हाच एक मार्ग, या समजाला त्यामुळे धक्का बसला.

मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आशुतोष बेडेकर यांच्या गटाने हेलिसिनांच्या संश्लेषणावर काम केले आहे. स्टिल्बीन प्रकारच्या संयुगांवर आयोडिनाच्या सान्निध्यात प्रकाश टाकून वलय जुळविण्याच्या पद्धतीत हायड्रोजन आयोडाइड तयार होते व ते उपद्रवी ठरते. ते शोषून घेण्यासाठी या गटाने टेट्राहायड्रोफ्युरान हा सहज मिळणारा द्रावक वापरला. तरीही पुरेशा प्रमाणात शुद्ध, एकाच हाताचे हेलिसीन मिळविणे खर्चिक आहे. उपकरणांत आजही लिथियम नायोबेटसारखे अकार्बनी स्फटिकच अधिक आढळतात.

निसर्गातही हा गुणधर्म दिसतो. कोलॅजेन या तिपदरी मळसूत्री प्रथिनाचे तंतू कंप्रता-द्विगुणन करतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींतील कोलॅजेन रंजकाविना पाहता येते. कोलॅजेनच्या तिपदरी रचनेचे प्रारूप १९५४ मध्ये मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी मांडले होते.