दोष रोमानीचा नव्हे

रोमा मुले शाळेत मागे पडतात याचे खापर मध्य आणि पूर्व युरोपात गेली कित्येक दशके त्यांच्या घरच्या रोमानी भाषेवर फुटत आले आहे. शिक्षक, मानसशास्त्रज्ञ, सरकारी अधिकारी आणि पुष्कळ रोमा आईबापही हे मत बाळगून असतात. ते नेहमी द्वेषातूनच येते असे नाही. बऱ्याचदा ते कळवळ्यातून येते आणि म्हणूनच खोडायला अवघड जाते. तेव्हा आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे.

पूर्वपक्ष म्हणतो : रोमानी ही धड भाषा नाही. ही माणसे ज्या ज्या मुलखातून गेली तिथले शब्द उचलून ती तयार झाली. तिला लेखनाची परंपरा नाही, ग्रंथ नाहीत, अमूर्त विचारांना शब्द नाहीत. ती ऐकत वाढलेले मूल सहाव्या वर्षी शाळेत येते ते भाषेच्या बाबतीत कोरेच. म्हणून आईबापांनी घरात रोमानी बंद करून राज्याची भाषा बोलावी. एवढे करूनही मूल मागे राहिले, तर सोप्या अभ्यासक्रमाच्या वेगळ्या शाळेत त्याची सोय करावी. त्यातच त्याचे हित आहे.

या युक्तिवादाच्या तीन पायऱ्या आहेत. भाषा हलकी, म्हणून मूल कच्चे, म्हणून शाळा वेगळी. यांतली एकही पायरी भार सोसत नाही.

पहिली पायरी भाषेची. रोमानी भारतीय आर्य कुळातली आहे हे १७८२ साली जर्मन अभ्यासक रूडिगर यांनी दाखवले. एकोणिसाव्या शतकात पॉट आणि मिक्लोसिच यांनी तिचे व्याकरण आणि तिच्या बोली तपशिलाने तपासल्या. १९२६ मध्ये राल्फ टर्नर यांनी भारतीय आर्य भाषांमध्ये तिची जागा कोणती याची चिकित्सा केली. तिच्यात ग्रीक, स्लाव्ह, रुमानियन, हंगेरियन शब्द भरपूर आहेत, हे खरे. पण उसने शब्द घेतल्याने भाषा मोडत असती तर मराठीही मोडली असती. शिवकाळात राजव्यवहारकोश करवून घ्यावा लागला इतकी फारसी आपल्या दफ्तरात शिरली होती, तरी मराठीचे व्याकरण फारसी झाले नाही.

रोमानीचे उत्तर तर याहून ठाशीव आहे. भारतातून आलेल्या शब्दांना ही भाषा एका प्रकारे चालवते आणि नंतर घेतलेल्या शब्दांना दुसऱ्या प्रकारे. ‘छावो’ म्हणजे मुलगा, त्याचे अनेकवचन ‘छावे’. ग्रीकमधून आलेला ‘फोरोस’ म्हणजे शहर, त्याचे अनेकवचन ‘फोरी’. जुनी ठेवण राखणाऱ्या बोलींमध्ये वारशाच्या शब्दांवरचा आघात शेवटच्या अक्षरावर पडतो, उसन्या शब्दांवरचा त्याआधी. मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल असे सामान्यरूपही तिथे आहे. ‘छावो’चे आधी ‘छावेस्’ होते आणि मग त्याला प्रत्यय लागून ‘छावेस्के’ म्हणजे मुलासाठी, ‘छावेस्तार’ म्हणजे मुलापासून. दिसेल ते उचलणाऱ्या बोलीत आपले कोणते आणि परके कोणते याचा हिशोब उरत नाही. रोमानी तो हिशोब प्रत्ययागणिक ठेवते, आणि शाळेचे तोंडही न पाहिलेले चार वर्षांचे मूल तो बिनचूक पाळते.

इथे एका उलट्या मोहापासूनही सावध राहिले पाहिजे. रोमानी आपल्या कुळातली आहे म्हणून तिचा कैवार घ्यायचा, हा भारतीय वाचकाला सुचणारा युक्तिवाद लंगडाच आहे. ती फिनिश किंवा बास्क कुळातली असती तरी मुलाचा तिच्यावरचा हक्क तेवढाच राहिला असता.

दुसरी पायरी मुलाची. ती तपासण्यासाठी मिलेना ह्युब्श्मानोव्हा यांच्या कारकिर्दीकडे वळावे लागते. १९३३ साली प्रागमध्ये जन्मलेल्या या बाई चार्ल्स विद्यापीठात हिंदी, उर्दू आणि बंगाली शिकल्या. हिंदीमुळे रोमानी त्यांच्या कानाला ओळखीची वाटली. मग त्या रोमा वस्त्यांमध्ये जाऊन ती भाषा बोलणाऱ्यांकडूनच शिकल्या. त्या काळात चेकोस्लोव्हाकियाचे धोरण अगदी उलटे होते. १९५८ च्या कायद्याने भटक्यांना सक्तीने एका जागी बसवले गेले. रोमांना स्वतंत्र राष्ट्रीयत्व नाही आणि त्यांच्या भाषेला भवितव्य नाही, अशी सत्ताधारी पक्षाची भूमिका होती. १९६९ मध्ये रोमांची पहिली अधिकृत संघटना उभी राहिली, तिच्या वर्तुळात स्लोव्हाक रोमानीची लेखनपद्धती ठरली, आणि १९७३ मध्ये ती संघटना गुंडाळायला लावली गेली.

ह्युब्श्मानोव्हा यांनी या काळात एक साधे काम चिकाटीने केले. त्यांनी रोमा माणसांना बोलते केले, त्यांच्या कहाण्या ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांना स्वतःच्या भाषेत लिहायचा आग्रह केला. तेरा फाबियानोव्हा आणि आंद्रेय गिन्या यांच्यासारखे लेखक त्यांच्या पाठिंब्याने रोमानीत लिहू लागले. एलेना लात्स्कोव्हा यांचे आत्मकथन त्यांनी टिपून चेकमध्ये आणले. १९९१ मध्ये हाना शेबकोव्हा आणि आना झिगोव्हा यांच्यासोबत केलेला रोमानी-चेक कोश प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांनी चार्ल्स विद्यापीठात रोमानी अभ्यासाचा विभाग सुरू केला. १९९४ पासून ‘रोमानो जानिबेन’ हे अभ्यासपत्र निघू लागले. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांचे अपघाती निधन झाले. ‘अमूर्त विचारांना शब्द नाहीत’ या आक्षेपाला त्यांनी वाद घालून उत्तर दिले नाही. लेखकांची एक पिढी उभी राहिली, आणि आक्षेप घेणाऱ्यांना वाचायला पुस्तके मिळाली.

यावर पूर्वपक्ष म्हणेल की लेखक निवडक असतात, सामान्य मुलाचे काय? त्याचे उत्तर ह्रिस्तो क्युचुकोव्ह यांच्या कामात आहे. हे बल्गेरियातल्या मुस्लिम रोमा कुटुंबातले. तिथल्या राजवटीने अल्पसंख्याकांची नावे सक्तीने बदलली तेव्हा त्यांचे हुसेन हे नाव गेले. या अनुभवावर त्यांनी ‘माय नेम वॉज हुसेन’ हे मुलांचे पुस्तकही लिहिले आहे. भाषामानसशास्त्रज्ञ जिल डी व्हिलिअर्स यांच्याबरोबर त्यांनी शाळेआधीच्या वयातल्या मुलांसाठी एक चाचणी घडवली. तिचे वेगळेपण एवढेच की ती रोमानीत घेतली जाते. मुलाला कर्मणी वाक्य कळते का, प्रश्नार्थक वाक्याचा रोख समजतो का, मालकी दाखवणारे रूप ओळखता येते का, एकदाच ऐकलेला नवा शब्द योग्य वस्तूला जोडता येतो का, असे त्यात तपासले जाते. मुले वयानुसार या कसोट्यांत पुढे जाताना दिसली. भाषा आत्मसात करण्याची त्यांची यंत्रणा शाबूत होती. आधीच्या परीक्षकांनी मुलाला चेक किंवा बल्गेरियन येते का एवढे पाहिले आणि निकालपत्रावर मात्र ‘बुद्धी’ असे लिहिले.

आता तिसरी पायरी, जिच्यावर सारा पूर्वपक्ष उभा आहे. रोगाचे निदान बरोबर असेल तर औषधाने उतार पडायला हवा. हे औषध चेक भूमीवर दोन पिढ्या दिले गेले. तिथले मूळचे रोमा नाझींच्या काळात जवळपास संपवले गेले. युद्धानंतर स्लोव्हाकियातून आलेली कुटुंबे ओस्त्रावासारख्या औद्योगिक शहरांत वसली. शिक्षकांनी सांगितले, घरी रोमानी बोलू नका. पुष्कळ आईबापांनी ते ऐकले. पण त्यांना स्वतःला येत होती ती कामाच्या जागी कानावर पडलेली चेक. मुलांच्या वाट्याला तीच आली : शब्द चेक, वाक्याची घडण रोमानी. अभ्यासक तिला चेकचा रोमा भाषाभेद म्हणतात. शिक्षकाला मात्र ती अशुद्ध चेक वाटते. आजीच्या गोष्टी, कोडी, भांडणे, समजुती यांतून मिळणारा भाषेचा भरणा तुटला आणि शाळेची चेकही हाती लागली नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. ओस्त्रावामधल्या १८ रोमा मुलांनी नेलेल्या खटल्यात १९९९ ची माहिती पुढे आली. शहराच्या प्राथमिक विद्यार्थ्यांत रोमा अडीच टक्क्यांहूनही कमी होते, पण बौद्धिक अपंगत्वासाठी असलेल्या विशेष शाळांत ५६ टक्के. निम्म्याहून अधिक रोमा मुले तिथे धाडली गेली होती, इतरांमध्ये हे प्रमाण १.८ टक्के होते. म्हणजे घरून रोमानी हटवण्याची मोहीम दशकानुदशके चालल्यावरही विशेष शाळा रोमा मुलांनीच भरलेल्या होत्या. १३ नोव्हेंबर २००७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी हा भेदभाव ठरवला. चाचण्यांत पूर्वग्रह शिरण्याचा धोका न्यायालयाने नोंदवला. पालकांनी संमती दिली होती हा बचावही टिकला नाही, कारण पर्याय आणि परिणाम न समजता दिलेली सही हक्क सोडून देऊ शकत नाही.

दोन आक्षेप तरीही उरतात आणि ते खरे वजनदार आहेत. पहिला असा की रोमानीच्या बोली अनेक, प्रमाण रूप एकही नाही, मग शिकवायचे काय? मात्र प्रमाण भाषा आधी आणि शाळा नंतर, असा क्रम कोणत्याच भाषेच्या बाबतीत नव्हता. स्वीडनने २००० साली रोमानीला राष्ट्रीय अल्पसंख्याक भाषा मानले आणि तिथे एकाहून अधिक बोलींत साहित्य तयार होते. प्राथमिक वर्गाला त्या गावची बोली पुरते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. रोमानीतून शिकवा म्हटले की अधिकारी रोमा मुलांचा वेगळा वर्ग काढतील आणि भाषेच्या नावाखाली जुनीच भिंत उभी राहील. ही भीती रास्त आहे, आणि मातृभाषेचा कैवार घेणाऱ्यांनी ती झटकून टाकू नये. पण त्यातून निघते ते एवढेच की रोमानीला जागा एकत्र शाळेत हवी. वर्ग एक असावा, चेक सगळ्यांना नीट शिकवावी, रोमानी जाणणारा शिक्षक सुरुवातीच्या वर्षांत हाताशी असावा, आणि रोमानीचा तास तिच्यात रस असलेल्या इतर मुलांनाही खुला असावा. राज्याची भाषा मुलाला यायलाच हवी, हे पूर्वपक्षाचे म्हणणे निखालस मान्य आहे. ती पहिली भाषा पुसून येते, हे मान्य नाही.

हा वाद आपल्यालाही परका नाही. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल किंवा गडचिरोलीतले गोंडी बोलणारे मूल पहिलीत गप्प बसले की ‘घरचे वातावरण’ असा शेरा मराठी शाळाही मारते. राज्यघटनेतले कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेची सोय द्यावी असे सांगते, आणि ते १९५६ पासून घटनेत आहे.

मंडन थोडक्यात असे. मूल शाळेत टिकले नाही तर पहिली तपासणी शाळेच्या परीक्षेची व्हावी : ती कोणत्या भाषेत घेतली, नेमके काय मोजले आणि निकालावर काय लिहिले. मुलाला ‘मंद’ ठरवणारा कागद त्याच्या स्वतःच्या भाषेतल्या चाचणीशिवाय ग्राह्य धरू नये. आणि ‘घरी तुमची भाषा बंद करा’ हा सल्ला शिक्षकाने देणे थांबवावे, कारण ओस्त्रावात तो पाळला गेला आणि तरीही मुले विशेष शाळेतच गेली.