अलेक्सांद्र बेलोवचे तीन सेकंद

१९३६ पासून ऑलिंपिकमधील बास्केटबॉलचे सुवर्णपदक अमेरिकेकडून कोणी हिरावून घेतले नव्हते. १९७२ साली म्यूनिकच्या अंतिम सामन्यात लेनिनग्राडच्या २० वर्षांच्या बेलोवने अखेरच्या क्षणी चेंडू भलतीकडे फेकला. डग कॉलिन्सने तो पळविला व अमेरिकेला ५०-४९ अशी आघाडी मिळवून दिली. उरले ३ सेकंद! वादावादीनंतर ते पुन्हा खेळविले गेले. एदेश्कोने मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला चेंडू भिरकावला. बेलोवने झेलून जाळीत टाकला. ५१-५०! अमेरिकनांनी रौप्यपदके नाकारली. १९७५ साली त्याच्या ‘स्पार्ताक’ संघाने सोव्हिएत अजिंक्यपद जिंकले. पण १९७८ च्या ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, हृदयाच्या कर्करोगाने त्याला नेले. मैदानावरची चूक त्याला भरून काढता आली. आयुष्याने तेवढी सवड दिली नाही.